जुनं मोटरहोम घेतल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत काय तपासलं, काय बदललं

मेधा_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सेकंडहँड मोटरहोम (चाकांवरचं घर) घेतलं. २००६ चं, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग असतो ते. २८ फूट लांब, फोर्ड ई-४५० च्या चासीवर बांधलेलं, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, मीटरवर ३४,००० मैल. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार होते. फार वेळ बसलं की आईचे गुडघे धरतात. तिला हवं तेव्हा आडवं होता यावं, टॉयलेट शोधत फिरावं लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते, एकतीस वर्षं, बॉडी विभागात. आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली, मीटर बघितलं आणि म्हणाले, "एकोणीस वर्षांत चौतीस हजार मैल म्हणजे ही उभीच होती की गं. उभ्या गाडीचं रबर आधी जातं, मग पत्र्यामागचं लाकूड." मी मैल कमी म्हणून खूश होते. पुढच्या सहा आठवड्यांत बाबा म्हणाले तेच एकेक करून बाहेर आलं. विकणाऱ्या आजोबांनी फसवलं असं मला वाटत नाही, त्यांनाही ठाऊक नसावं. पण कुणी असं वाहन घेत असेल तर हे वाचून मगच लांबच्या प्रवासाला निघा, अशी मनापासून विनंती आहे.

पहिलं काम टायरचं. नक्षी जवळजवळ नवी होती. पण टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २८१२ म्हणजे २०१२ चा अठ्ठाविसावा आठवडा. आमचे पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे दोन टायर २०१९ चे निघाले. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरवर मात्र तारीख दिसेना. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, आणि आमच्या टायरची ती बाजू आत चासीकडे होती. बाबा खाली सतरंजी टाकून टॉर्च घेऊन गेले. दोन्ही टायर २०११ चे. चौदा वर्षांचे! वरून चकचकीत, आणि भिंतीला बारीक बारीक चिरा. सहाच्या सहा बदलले. मोटरहोमचा टायर सहा-सात वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही. सोबत रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे लांब व्हॉल्व्ह बसवले, म्हणजे आतल्या चाकाची हवा दर वेळी बघता येते. जे बघायला त्रास होतो ते कुणी बघत नाही, आतले टायर म्हणूनच राहून गेले असणार.

दुसरं, आणि सगळ्यात मोठं, गळती. क्लास सीला पाणी बहुतेक पुढच्या त्या पलंगाच्या भागातून शिरतं. वाऱ्याचा आणि पावसाचा मार तिथेच बसतो, आणि खिडकी, कोपऱ्याच्या पट्ट्या, वरचे पाच छोटे दिवे अशी भोकंही तिथेच जास्त. गादी उचलून कोपऱ्यात हात फिरवला तर एका स्क्रूचं डोकं गंजलेलं. आतल्या स्क्रूला गंज म्हणजे तिथे पाणी आलंय. मुठीने दाबल्यावर प्लायवूड आत गेलं.

त्या रात्री आम्ही बाबांच्या पद्धतीने चाचणी केली. ते आत अंधारात टॉर्च घेऊन बसले, मी बाहेर होजने पाणी सोडत होते. जोरात नाही, पावसासारखं. आणि खालून वर. आधी खालची फट, दहा मिनिटं. मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग दिवे, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. वर्कशॉपमध्ये नवी बॉडी बाहेर पडण्याआधी ते पाण्याचा मारा करून बघत, त्यामुळे त्यांच्या हाताला हे सवयीचं होतं. खिडकी कोरडी निघाली. मधल्या दिव्यावर पाणी पडलं आणि आतून आवाज आला, "थांब! इथे आलं."

चार-पाच डॉलरच्या दिव्याचं गॅसकेट वाळलेलं, त्यामुळे दोन फूट लाकूड कुजलेलं. आतलं पॅनेल काढलं, काळं पडलेलं लाकूड कापलं, पंखा लावून आठ दिवस वाळवलं, मग नव्या पट्ट्या आणि प्लायवूड. पाचही दिवे बदलले. खिडकी गळत नसतानाही काढून तिच्याखाली नवी ब्युटाइलची चिकट पट्टी घातली, कारण जुनी पट्टी बोटाने चुरत होती.

छताचं, गॅसचं, पाण्याचं खाली प्रतिसादांत लिहिते. लेकीला क्लासवरून आणायचंय.

निनाद_एडिसन

फार उपयोगी धागा, मेधा. आम्हीही वसंतात एक २४ फुटी घेतलंय, २००९ चं. टायर "नवे आहेत" असं विकणारा म्हणाला, आणि मी नक्षी बघून मान डोलावली. आतल्या चाकांचं माझ्या मनातही आलं नव्हतं. तारीख आतल्या बाजूला असेल तर चाक न काढता दिसते का?

मेधा_ऑस्टिन

दिसते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात जाऊ नकोस. फोन आत धरून व्हिडिओ काढला तरी कोड वाचता येतो. सहाही टायरचे आकडे वहीत लिहून ठेव.

शलाका_फिनिक्स

टायरबद्दल कळकळीने सांगते, हे टाळू नका. आमच्या मित्रांचा मागचा आतला टायर हायवेवर फुटला. टायर फुटणं एकवेळ परवडलं, पण फाटलेला पट्टा चाकाबरोबर गरगर फिरतो आणि वरच्या फरशीवर आपटत राहतो. त्यांची फरशी फाटली, वायरिंगचा जुडगा तुटला, टाकीचा पाइप उखडला. गॅसची नळी जेमतेम वाचली. टायर निम्म्या दिवसात बदलला, बाकीच्या दुरुस्तीला दोन महिने गेले. आमच्या ॲरिझोनाच्या उन्हात रबर फार लवकर वाळतं. गाडी उभी असताना चाकांवर कव्हर घालाच.

मेधा_ऑस्टिन

आता राहिलेलं.

छत. आमचं ईपीडीएम रबराचं आहे. त्यावर पेट्रोलियम असलेलं काहीही लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉनही नको, कारण पुढे त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. व्हेंट, अँटेना, एसी यांच्याभोवती आडव्या जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट (फटी बुजवायचं), आणि उभ्या कडांना न ओघळणारं. जुन्या सीलंटला भेगा होत्या तिथे सैल झालेलं खरवडून, पुसून, नवा थर दिला. वर चढलात तर गुडघ्यांवर आणि फळी टाकून. पायाखाली मऊ लागलं तर तिथे खाली लाकूड गेलंय.

गॅस. दार उघडल्या उघडल्या जमिनीलगत जो छोटा डबा दिसतो तो प्रोपेनचा अलार्म. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली. त्याचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचंही तसंच. आमचा डबा २००६ चाच होता! हिरवा दिवा लागत होता, बटण दाबलं की वाजतही होता. पण बटणाने फक्त भोंगा वाजतो, आतला सेन्सर जिवंत आहे की नाही ते कळत नाही. ज्या गाडीत माझे आई-बाबा आणि मुलगी झोपणार, तिच्यात एकोणीस वर्षांचा अलार्म. ते बघून माझे हात गार पडले. दोन्ही त्याच दिवशी बदलले. धुराचाही. अग्निशामकाचं प्लॅस्टिकचं हँडल असेल तर नंबर तपासा, २०१७ मध्ये अमेरिकेत तसे कोट्यवधी अग्निशामक परत मागवले होते.

गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी मी स्वतः लावलं, पण दाबाची चाचणी तंत्रज्ञाकडून करून घेतली. तो गेज लावून सगळं बंद करतो आणि काटा पडतो का ते बघतो. आमचा काटा पडला नाही, पण दाब जास्त येत होता, म्हणून रेग्युलेटर बदलला. हीटरच्या आणि गिझरच्या बाहेरच्या नळ्यांत मातीची घरं करणाऱ्या गांधीलमाश्यांची घरटी होती. ती काढल्यावर गिझरची ज्योत पिवळ्याची निळी झाली.

पाणी. गिझरची टाकी पोलादी असेल तर तिच्यात मॅग्नेशियमचा ॲनोड दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो. आमच्या दांड्याची नुसती तार उरली होती. गिझर बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, दाब सोडा, मगच बोल्ट खोला. ॲल्युमिनियमच्या टाकीला दांडा नसतो, तिथे शोधत बसू नका. पिण्याच्या टाकीत १५ गॅलनला पाव कप साधं, वास न घातलेलं ब्लीच घालून सगळे नळ वास येईपर्यंत सोडले, चार तास ठेवलं आणि वास जाईपर्यंत धुतलं. धुताना फिल्टर काढून ठेवा.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये वर्षातून एकदा हॅबिटेशन चेक करून घ्यायची पद्धत आहे. इंजिनाशी संबंध नाही, फक्त घराचा भाग: गॅस, वीज, पाणी आणि ओल. तंत्रज्ञ ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवत सगळीकडे फिरतो. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की शोध घ्यायचा. हे यंत्र तीस-चाळीस पौंडांत मिळतं. घेण्याआधी तेच हातात घेऊन फिरा.

आणखी एक इथल्या मंडळींसाठी: १ जानेवारी १९९७ नंतर कारचा परवाना काढला असेल तर साधारण ३,५०० किलोपर्यंतचंच मोटरहोम चालवता येतं. मोठं, स्वस्त, देखणं दिसतं, आणि घेतल्यावर कळतं की परवाना चालत नाही. डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्टही मैल कमी असले तरी वर्षांच्या हिशोबाने बदलायचा असतो. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

श्रीरंग_डॅलस

चासीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. म्हणजे तुमचे ब्रेक आता दुसरं कुणी बघणार नाही. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि मग घाटात ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. ते पूर्ण बदला. बरीच वर्षं उभ्या गाडीत ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना जाम होतात, त्या सोडवून ग्रीस करा. कूलंट, सगळे होज, पट्टा, ट्रान्समिशन ऑइल, इंधनाचा फिल्टर. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्या, शोधा, आणि दोनदा शोधा: चासी बनवणारा वेगळा, घर बांधणारा वेगळा. ह्यूस्टनकडची गाडी असेल तर २०१७ च्या हार्वे वादळात बुडालेली नाही ना, ते टायटलवर (मालकीच्या कागदावर) बघा.

जनरेटरबद्दल एक. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असेल तर तो मुद्दामच बंद पडतो, म्हणजे जंगलात गाडीपुरतं इंधन उरावं. नव्या मालकाला वाटतं जनरेटर बिघडला. आधी पेट्रोल भरा. तरी सुरू होऊन धापा टाकत असेल तर कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालाय. महिन्यातून एकदा दोन तास, एसी लावून, चालवायलाच हवा.

आणि मेधा, एक वेगळं मत. तुमचा फ्रिज गॅसवर चालणारा असेल ना? मी असतो तर तो काढून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आणि लिथियम बॅटरी बसवली असती.

मेधा_ऑस्टिन

श्रीरंगदादा, ब्रेकचं अगदी खरं. आमची मागची एक पिन हातोडीने ठोकून काढावी लागली.

फ्रिजचं मात्र मी विचार करून तसंच ठेवलं. मागचं झाकण उघडून पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास, म्हणजे गळतीची खूण, आहे का ते बघितलं. दोन्ही नव्हतं. गाडी सपाट उभी करून चोवीस तासांनी आत ३७ अंश फॅरनहाइट होतं. चालणारी वस्तू का काढू? जुन्या गाडीत पहिल्या वर्षी पैसे गळती, टायर, ब्रेक आणि गॅस यांवरच जावेत असं माझं ठाम मत आहे. लिथियम घालायचं तर जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) बदलावा लागतो, आणि इंजिनाचा अल्टरनेटर जपायला मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. नुसती बॅटरी बदलून भागत नाही. आम्ही ६ व्होल्टच्या दोन नव्या लेड ॲसिड बॅटऱ्या जोडून घातल्या. काही न चालवता १२.१ व्होल्ट दिसलं की अर्धी संपली असं समजायचं, त्याखाली जाऊ द्यायचं नाही.

श्रीरंग_डॅलस

मान्य, पहिल्या वर्षापुरतं. फ्रिज चालू असताना गाडी तिरकी उभी करू नका म्हणजे झालं, तिरकं चाललं तर तो आतून जळतो.

आणि घराशी गाडी लावायला ३० अँपिअरचा सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला लिहून द्या: १२० व्होल्ट. तो सॉकेट कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटसारखा दिसतो, आणि सवयीने २४० जोडला जातो. माझ्या शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर आणि टीव्ही एका क्षणात गेले. गाडी लावण्याआधी मीटरने मोजा.

औंधचा_अमेय

पुण्यातून वाचतोय. इथे एक जण ट्रॅव्हलर गाडीत पलंग, सिंक, गॅसची शेगडी बसवून विकतोय. किंमत चांगली आहे. हेच सगळं तपासू का?

लीड्सकर

अमेय, त्याआधी आरसी पुस्तक बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. भारतात मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर कॅरॅव्हान अशी नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा प्रश्न येईल. घरगुती सिलिंडर गाडीत नुसता दोरीने बांधलेला असेल तर व्यवहार सोडून दे. बाकी ओल आणि टायर तेच. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं प्लायवूड मुठीने दाबून बघ.

औंधचा_अमेय

आरसी मागितलं. अजून उत्तर नाही. थांबतो.

शलाका_फिनिक्स

मेधा, एकूण खर्च किती आला, सांगशील का? लोक गाडीची किंमत धरतात आणि नंतर अडकतात.

मेधा_ऑस्टिन

सांगते ना. सहा टायर व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग धरून १,४०० डॉलर. ब्रेक आणि सगळी तेलं, होज, पट्टा, ९५० च्या आसपास. बॅटऱ्या ३००. गॅसची चाचणी, रेग्युलेटर, अलार्म मिळून ४२०. पुढच्या भागाचं लाकूड आणि सीलंट ३०० च्या आत, कारण मजुरी आमची. तेच काम दुकानात द्यायचं तर मला ४,००० च्या पुढचे आकडे सांगितले गेले. गाडीच्या किमतीच्या वर दहा-पंधरा टक्के हाताशी ठेवा, आणि ओल सापडली तर त्याहून जास्त.

एक राहिलं: वजन. निघण्याआधी पाण्याच्या टाक्या भरून, सामान आणि माणसं बसवून ट्रक स्टॉपच्या काट्यावर गेलो. स्टिकरवरची मर्यादा १४,०५० पौंड, आमचं भरलं १३,६२०. पाणीच गॅलनला ८.३ पौंड. मागच्या डिकीतून दोन लोखंडी जॅक आणि जुन्या मालकाची अवजारांची पेटी खाली ठेवली. टायरमधली हवाही या वजनावरून, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून ठरवली.

नोव्हेंबरमध्ये बिग बेंड नॅशनल पार्कला गेलो. चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा लांब मोटरहोम नेऊ नये असं पार्कच सांगतं, म्हणून गाडी खाली रिओ ग्रांडे व्हिलेजला लावली. आईने तिथे नदीकाठी चहा केला. दुसऱ्या रात्री पाऊस आला आणि बाबा उठून गादी उचलून कोपऱ्यात हात फिरवत होते. कोरडं होतं.

निनाद_एडिसन

आमच्याकडे आता थंडी सुरू होईल. पाइप फुटू नयेत म्हणून काय करता? आमच्या गाडीत मागच्या मालकाने काय केलं होतं कळत नाही.

मेधा_ऑस्टिन

टाक्या आणि गिझर रिकामे करा. गिझरला बायपासचा व्हॉल्व्ह असतो तो फिरवा, नाहीतर सहा गॅलन अँटीफ्रीझ (पाइपात पाणी गोठू न देणारं द्रव) त्यातच जाईल. मग पंपाने आरव्हीचं, म्हणजे मोटरहोमसाठीचं, गुलाबी अँटीफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत. गरम आणि थंड दोन्ही, शॉवर, टॉयलेट, आणि बाहेरचा शॉवर असेल तर तोही, तो हमखास विसरतो. प्रत्येक सिंकच्या खालच्या वळणात एक कप ओता. इंजिनाचं हिरवं कूलंट चुकूनही नाही, ते विषारी आहे. वसंतात पाणी भरलं की पंप लावून अर्धा तास शांत बसून ऐका. नळ बंद असताना पंप मधूनच घर्र करत असेल तर कुठेतरी गळतंय.

निनाद_एडिसन

आभार. आज संध्याकाळी फोन आत धरून व्हिडिओ काढला. डावा आतला टायर ०९१४, उजवा आतला ०९१४. बाहेरचे २०२१ चे. शनिवारी लेक प्लॅसिडला निघणार होतो, ते पुढे ढकललं. सोमवारी सकाळी आठला टायरवाल्याकडे वेळ घेतलीय, धातूचे व्हॉल्व्हही सांगितलेत.